बत्तीस इंच

मिस्त्रीण सायकलवरून उतरली तोवर झाड आडवं होऊन त्याचे तुकडेसुद्धा झाले होते. आता याला काय म्हणावं! काल दुपारीच ती याच शिरीषाला मिठी मारून टेप लावून गेली होती. मुकादमाला दोनदा बजावून गेली होती, की दादा, रस्त्यासाठी पाडायचं तर पाडा, पण खोड अखंड ठेवा, सकाळी मी येतेच. मुकादमाने मान हलवली होती. मान हलवायला काय जातं!

"अहो, अखंड ठेवा म्हटलं होतं ना मी?"

"ठेवलं की," मुकादम डबा उघडता उघडता म्हणाला. "उभं होतं तोवर अखंडच होतं."

त्याची माणसं खो-खो हसली. मिस्त्रिणीने टेप काढून एक तुकडा मोजला, मग दुसरा, मग तिसरा. सगळे दोन-दोन फुटांचे. मोजायची गरज नव्हती, पण राग आला की तिचे हात काहीतरी मोजायला लागायचे.

"दोन फूटच का कापलेत?"

"ट्रॉलीत बसतात. पुढे चुलीत बसतात. तुम्हाला किती लागतो?"

"बत्तीस इंच."

"मग आठच इंच कमी आहे की! दोन जोडा. सुतारकाम येतं ना तुम्हाला?"

मिस्त्रीण गिटारी करायची. गिटारीच्या अंगाभोवती जी पट्टी फिरते ती गळ्यापासून बुडापर्यंत एकसंध लागते, तीही सरळ रेषेची, गाठ नसलेली, बत्तीस इंच. गरम नळीवर वाकवून तिला कंबर द्यायची असते. तिथे जोड चालत नाही. हे तिने महिनाभरात इतक्या लोकांना सांगितलं होतं, की आता सांगायचं नुसतं मनात आलं तरी जबडा दुखायचा. तिने वाकून एका तुकड्याच्या तोंडावर थुंकी लावली आणि अंगठ्याने पुसलं. आतलं लाकूड काळपट तांबूस निघालं, वलयं अशी बारीक आणि एकसारखी, की बघत राहावं. वाईट निघालं असतं तर एक वेळ बरं झालं असतं. तिने त्या तुकड्याला लाथ घातली आणि पायाचा अंगठा धरून रस्त्याच्या कडेला बसली. माणसं पुन्हा हसली.

हे चौथं झाड. पहिलं आतून पोकळ निघालं, त्यात साळुंक्यांचं बिऱ्हाड. दुसऱ्याच्या लाकडाचा धागा सुंभासारखा पीळ घेत वर गेलेला. तिसरं पाडायच्या यादीतच नव्हतं, मग दोन दिवसांनी यादीत आलं आणि ती पोचेपर्यंत ट्रॉलीतून गेलंही. गावातली माणसं तिला बघून एकमेकांना कोपरं मारायची. चाळिशीला आलेली बाई झाडांना मिठ्या मारते, बुक्क्या मारते आणि कान लावून ऐकते म्हटल्यावर कोण सोडेल? वाण्याच्या दुकानात एकाने विचारलंच होतं, "काय म्हणतंय झाड? तब्येत बरी आहे ना?"

ती लंगडत सायकल ढकलत घरी आली. छपरीत आबा रंध्याला धार लावत होते. आबा म्हणजे तिचे वडील, बाहत्तर वर्षांचे. सगळा मुलूख त्यांना चाकवाले आबा म्हणायचा, कारण चाळीस वर्षं त्यांनी बैलगाडीची चाकं केली. आता गाड्या रबरी चाकांच्या झाल्या होत्या. तरी आबा रोज सकाळी हत्यारांना धार लावायचे, का कोण जाणे.

"चिरलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"तुकडे केले. दोन-दोन फूट."

"मग दोन फुटांची गिटार कर. छोट्या माणसांसाठी."

"आबा, आज नको हं."

आतून आईने हाक मारली. आईचं उजवं अंग दीड वर्षापूर्वी गेलं होतं. बोलणं जड पण कळण्यासारखं, डोकं मात्र एकदम ताजं. तिला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं सगळं मिस्त्रीण करायची. त्यासाठीच ती शहर सोडून आली होती. शहरात नऊ वर्षं तिने एका गिटारीच्या कारखान्यात काम केलं होतं. त्या मालकाने तिला बजावलं होतं, "बाहेरून येणारं शिसवी लाकूड बंदरात अडकलंय, कागदपत्रांचा घोळ मिटायची चिन्हं नाहीत. तू म्हणतेस तुमच्याकडचं शिरीष चालेल. चालत असेल तर वर्ष संपायच्या आत दोन गिटार करून पाठव. वाजवणाऱ्यांना पसंत पडल्या तर घरी बसून काम कर, मी इथून ऑर्डर देत जाईन. नाहीतर तुझी जागा आहेच इथे, परत ये. मी कायम रिकामी ठेवू शकत नाही."

म्हणजे सरळ हिशेब होता. लाकूड मिळालं तर घर, नाही मिळालं तर पुन्हा शहर आणि आई आबांच्या भरवशावर. आणि आबांना साधी चादर घडी घालता येत नव्हती.

रात्रीची भाकरी मोडता मोडता आबा म्हणाले, "एक झाड आहे."

"कुठे?"

"गोठ्यावरच्या काकूकडे. मागच्या बाजूला. सरळसोट. मी तीस वर्षांपासून बघतोय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

आई पलंगावरून म्हणाली, "तोंड नाही. म्हणून."

तीस वर्षांपूर्वी आबांनी काकूच्या नवऱ्याला चाकांची जोडी करून दिली होती. चौथ्या महिन्यात उतारावर एक चाक फुटलं, गाडी पालथी झाली आणि तो माणूस कायमचा एका पायाने अधू झाला. तो म्हणायचा लाकूड कच्चं होतं. आबा म्हणायचे माल जास्त भरला होता. तो मरून दहा वर्षं झाली, पण या दोन घरांत बोलणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीण काकूकडे गेली. आबाही आले, पण कुंपणापाशी थांबले आणि तिथल्या खांबाकडे असं बघत राहिले, जणू तो त्यांनीच पुरला होता आणि आता तपासायला आले होते. काकू शेण भरत होती. हातातली पाटी तिने खाली ठेवली नाही.

"झाड हवंय? घे की. मला त्याचा काय उपयोग? शेंगा वाजतात नुसत्या, झोप लागत नाही." मग तिने कुंपणाकडे हनुवटी उडवली. "पण मागायचं त्यांनी. तू नाही."

मिस्त्रीण परत कुंपणापाशी गेली. आबांचा चेहरा तांबडा झाला होता. ते आत आले, टोपी काढली, पुन्हा घातली.

"झाड द्या," ते म्हणाले.

"देते. आधी सांगा, त्या चाकाचं लाकूड कच्चं होतं का नाही?"

म्हशीने शेपूट झाडली. आबांनी टोपी पुन्हा काढून हातात धरली. मिस्त्रिणीला वाटलं, आता हे पाठ फिरवतील आणि झालं, हेही गेलं. तिला त्यांचा राग आला आणि लगेच कीवही आली. तिने तोंड उघडलं, पण काकूने हात वर करून तिला थांबवलं.

"कच्चं होतं," आबा म्हणाले.

काकूने मान हलवली, पाटी उचलली आणि निघून गेली. घरी येताना मिस्त्रिणीने विचारलं, "खरंच कच्चं होतं?"

आबांनी वाटेतला दगड पायाने बाजूला सारला. मग म्हणाले, "घाई होती तेव्हा."

झाड पाडायला एक दिवस गेला. सात फुटांचा सोट मिळाला, सरळ, जणू ओळंब्यात धरून वाढवलेला. मिस्त्रिणीने दोन्ही तोंडांना त्याच तासाला मेण थापलं, कारण तोंडं उघडी राहिली की लाकूड आतून तडकतं. ट्रॅक्टरने सोट वखारीत नेला. वखारवाला तिला आधीपासून ओळखत होता आणि ओळखतो याचा त्याला पश्चात्ताप होता.

"अशा फोडी करायच्या," तिने खडूने तोंडावर रेषा काढून दाखवलं. "कलिंगडासारख्या. मग प्रत्येक फोडीतून पातळ फळ्या. वलयं फळीत उभी दिसली पाहिजेत."

"असं कोणी कापत नाही. अर्धं लाकूड वाया जातं."

"जाऊ दे वाया."

"माझ्या बापाने असं कापलं नाही."

"तुमच्या बापाने गिटार केल्या नाहीत."

वखारवाला पुटपुटत मशीन सुरू करायला गेला. पातं चार फूट नीट गेलं. मग असा काही आवाज झाला, की मिस्त्रीण कान धरून खाली बसली. पात्याचे दात उडाले होते. खोडाच्या पोटात लोखंडी कडी निघाली, कधीतरी गुरं बांधायला ठोकलेली, वरून झाडाने अंग धरलं होतं आणि ती गिळून टाकली होती. वखारवाल्याने पहिल्यांदा लाकडाला शिव्या दिल्या, मग झाडाला, मग काकूच्या म्हशींना, आणि शेवटी मिस्त्रिणीकडे वळला.

"उचला हे. आत्ताच्या आत्ता उचला. पुन्हा झाड घेऊन दारात आलात तर बघा."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. पण कुणावर काढणार? कडी तिने ठोकली नव्हती, वखारवाल्यानेही नाही. ट्रॅक्टरवाला परत येईपर्यंत ती भर उन्हात सोटावर बसून राहिली. येणारा-जाणारा बघत होता.

संध्याकाळी आबांनी छपरीच्या आढ्यावरून ओढकरवत काढली. दोघांनी ओढायची ती, माणसाएवढ्या लांबीची, बारा वर्षं कापडात गुंडाळून ठेवलेली. त्यांनी तिच्या दातांवरून बोट फिरवलं आणि कानशीला हात घातला.

"आबा, तुम्ही बाहत्तर वर्षांचे आहात."

"मग? करवत माझ्यापेक्षा म्हातारी आहे."

तर अशी बाप-लेक कामाला लागली. आधी पाचरी मारून सोट चार फोडींत फोडला, पोटातली कडी उपटून काढली. मग एक-एक फोड लाकडी घोड्यावर उभी बांधून कापायची. आबा वर फळकुटावर उभे, मिस्त्रीण खाली. वरचा माणूस रेषा सांभाळतो, खालचा ओढतो आणि भुसा खातो. शिरीषाचा भुसा असा नाकात जातो, की माणूस शिंकून शिंकून अर्धा होतो. दहा ओढी, चार शिंका. तोंडाला फडकं बांधलं तर दम कोंडायचा. डोळे सुजून सुपारीएवढे झाले. तळहातांची कातडी सोलली, तिथे तिने गिटारीला लावायचा सरस लावून वर कापड बांधलं. घरातून आई ओरडायची, "कोण मेलं? इतकं शिंकतंय कोण?"

"ओढ, ढकलू नको!" आबा वरून सांगायचे. "खालच्याने ढकलायचं नसतं. नुसतं ओढायचं."

"मला माहितीये."

"माहितीये तर रेषा का पळते?"

"रेषा वरचा सांभाळतो. तुम्हीच म्हणालात."

पुढच्या फळीला आबांची रेषा धाग्यासारखी सरळ यायची. तिसऱ्या दिवशी त्यांची पाठ धरली, तर ते गुडघ्यावर बसून ओढायला लागले. तिने थांबा म्हटलं की त्यांना राग यायचा. पण जेवायच्या सुट्टीत ते कापलेली फळी हातात घेऊन बसायचे आणि नुसती उलटी-सुलटी करायचे. एवढं पातळ त्यांनी आयुष्यात कापलं नव्हतं. "यातून आरपार दिसेल की काय," ते एकदा म्हणाले. त्या अकरा दिवसांत मिस्त्रिणीला कितीतरी वर्षांनी बरं वाटलं. अंगात एक सांधा असा उरला नव्हता जो दुखत नव्हता, तरी बरं वाटलं.

शेवटी हाताला काय लागलं? गिटारीची पाठ दोन फळ्या शेजारी जोडून करतात, तशा पाठींच्या आठ जोड्या आणि बत्तीस इंची पट्ट्या अठरा. त्यातल्या काही डागी. चांगल्या म्हणाव्या तर पाच गिटारींचं लाकूड. तिने प्रत्येक फळी बोटात लोंबकळत धरून पेराने ठोकली आणि प्रत्येक फळी बोलली. जाडसर काचेची थाळी वाजावी तसा स्वच्छ, लांब आवाज. आईनेसुद्धा पलंगावरून विचारलं, "घंटा कुणी आणली?" मग फळ्यांची चळत रचली, दोन फळ्यांमध्ये बोटाएवढ्या चिपा, वर दगड, छपरीच्या सावलीच्या कोपऱ्यात. आता वाट बघायची. पाच महिने.

दमट महिने गेले, हवा कोरडी झाली. मिस्त्रीण दर आठवड्याला एक फळी तराजूत घालायची. वजन उतरायचं थांबलं, की लाकूड तयार. ते थांबलं त्या आठवड्यात तिने मालकाला फोन केला. वाकवायची नळी, तारा, गळ्यावरच्या पडद्यांची पट्टी सगळं आणायला तिला शहरात जायचं होतं. मालक म्हणाला आठ दिवस ये, माझंही थोडं काम उरकून दे. आईकडे बघायला काकू स्वतःहून आली. हो, तीच काकू. झाड दिल्यापासून ती अधूनमधून यायची आणि आईशी आबांबद्दल वाईटसाईट बोलून जायची, दोघींचा वेळ बरा जायचा.

नवव्या दिवशी मिस्त्रीण परत आली. पिशव्या खाली ठेवायच्या आधीच तिला वास आला.

जवसाच्या तेलाचा वास. ऊन केलेल्या.

छपरीत आबा बाकावर बसले होते, हात कोपरापर्यंत चकचकीत. भिंतीला ओळीने फळ्या टेकवून ठेवल्या होत्या. सगळ्या. काळ्या, ओल्या, चमकणाऱ्या.

"आलीस? बघ," आबा उठले. "तू गेलीस आणि सातव्या दिवशी चळतीखाली पिवळी भुकटी दिसली. भुंगा. कडेच्या पांढऱ्या लाकडात शिरला होता. दोन दिवस थांबलो असतो तर चाळण केली असती त्याने. मग काय, तेल तापवलं. दोन्ही बाजूंनी दोन-दोन हात. पाजलं, नुसतं पुसलं नाही. आता शंभर वर्षं किडा तोंड लावणार नाही."

मिस्त्रीण भिंतीशी जाऊन एकेक फळी बघत गेली.

"एक सोडली नाही मी," आबा म्हणाले.

"एकही नाही?"

"एकही नाही. काकूला विचार. दोन दिवस जेवायलाही घरात आलो नाही."

तिने एक फळी उचलली. बोटांना तेल लागलं. तिने ती लोंबकळत धरली आणि पेराने ठोकली. ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज आला. तिने दुसरी ठोकली. तिसरी ठोकली. मग ती इतक्या मोठ्याने ओरडली, की घरात काकूच्या हातातून पेला पडला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कुणी? फोन करता येत नव्हता? कडेचं पांढरं लाकूड मी कापूनच टाकणार होते! तो भुंगा तेवढंच खातो, आतलं खात नाही! तेलावर सरस धरत नाही, आबा! तेलाने आवाज मरतो! हे चाक नाही!"

"किडा लागला होता..." आबा म्हणाले.

"लागू द्यायचा होता!"

आबांनी हात पुसायला फडकं शोधलं, ते सापडलं नाही, मग धोतराला पुसले. "वरचं रंधून टाकू," ते म्हणाले. "मी रंधतो. पातळ रंधतो."

त्यांनी लगेच एक जोडी बाकावर धरली. रंध्याची ढलपी निघाली, तीही तेलकट. आणखी एक, आणखी एक. फळी आता जेवढी पातळ हवी त्याहून पातळ झाली तरी रंग काळाच होता. मिस्त्रिणीला थांबा म्हणायचंही त्राण नव्हतं. दोन अर्ध्या फळ्यांना तिने सरस लावला, दोऱ्या आणि पाचरींनी आवळून जोड बांधला आणि बाजूला ठेवला. आबांना वाटलं धरणार. तिला माहीत होतं, पण त्यांना नुसतं सांगून पटलं नसतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या मनातही एक वेडी आशा होतीच.

सकाळी तिने दोऱ्या सोडल्या. जोडलेली पाठ आबांच्या हातात दिली.

"ओढा."

आबांनी दोन्ही बाजूंना धरून हळूच ओढली. ओल्या कागदासारखे दोन भाग दोन हातांत आले. सरसाचा पापुद्रा सबंधच्या सबंध एका कडेला लोंबत राहिला. आबा त्याच्याकडे बघत उभे राहिले. त्यांनी ते दोन भाग पुन्हा एकमेकांना लावून बघितले, जणू त्यांचंच काहीतरी चुकलं असेल. मग त्यांनी ते बाकावर ठेवले आणि बाहेर जाऊन हातपाय धुतले. खूप वेळ धुतले.

दुपारी मिस्त्रिणीने अंगणात उभं राहून मालकाला फोन लावला. मालकाचा आवाज असा, की फोन कानाला लावायची गरज नसते.

"लाकूड गेलं," ती म्हणाली.

"गेलं म्हणजे?"

आबा ओट्यावर बसले होते. तिला त्यांचा राग होता, इतका, की कालपासून ती त्यांना ताट वाढत होती ते आदळूनच. पण बापाचं नाव काही तिच्या तोंडातून निघेना.

"टोकांना मेण लावायचं राहिलं," ती म्हणाली. "चिरा गेल्या. सगळ्यांना."

"मेण? नऊ वर्षं माझ्याकडे काढलीस आणि मेण लावायला विसरलीस? पहिल्या दिवशी झाडू मारायला येणारा माणूससुद्धा ही चूक करत नाही! लाज कशी वाटली नाही फोन करायला? मी लोकांना काय सांगून बसलोय..."

आबा उठले. पाठ धरून, ओट्याला हात टेकत आले आणि त्यांनी तिच्या हातातून फोन काढून घेतला. तो उलटा धरला होता. तिने सरळ केला.

"मालक, ती विसरली नाही," आबा म्हणाले. "झाड पडलं त्याच तासाला मेण लावलं तिने. मी बघितलं. तेल मी पाजलं. मी तिचा बाप. चाकं करायचो. मला वाटलं, लाकूड म्हणजे लाकूड." त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "ती खोटं बोलतेय. तिला बोलू नका."

मग मालक हळू म्हणाला, "तिला द्या." आणि तिला म्हणाला, "पुढच्या वर्षी पुन्हा बघू. तोवर इथे ये. सोमवारी. माझ्याकडे माणूस नाही, मला थांबता येणार नाही." त्याचंही चूक नव्हतं. चूक कुणाचीच नव्हती म्हणून जास्त चीड येत होती. ती ठीक आहे म्हणाली.

सोमवारी सकाळी तिची पिशवी दारात होती. काकू दिवसातून दोनदा येऊन न्हाऊ-माखू घालणार, स्वयंपाक करून जाणार असं ठरलं होतं. बाकीचं आबा. मिस्त्रीण आईला खुर्चीवर बसवून तिचे केस विंचरायला लागली. आईचे केस अजून कमरेपर्यंत होते आणि रोज वेणी घातली नाही तर तिचा दिवस वाईट जायचा.

"हे कोण करणार?" आबांनी विचारलं.

"काकूला वेळ झाला तर ती. नाहीतर राहील."

आबांनी खुर्चीमागे येऊन फणीकडे बघितलं. मग म्हणाले, "शिकव."

"तुम्हाला?"

"मला शिकव. तू सांग, मी करतो. तू म्हणशील तेवढंच करतो."

चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला शिकव म्हटलं नव्हतं. तिने फणी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती रंध्यासारखी धरली आणि वरून खाली एकच हात मारला.

"आई गं!" आई ओरडली. "अहो, मी काय चाक आहे?"

"टोकाकडून सुरू करा," मिस्त्रीण म्हणाली. "आधी खालचा गुंता. मग वर. दुसऱ्या हाताने मुळाशी धरा, म्हणजे तिला ओढ बसत नाही."

आबांनी तसं केलं. रेषा सांभाळायची सवय त्यांच्या हाताची कुठे जाणार? भांग एकदम सरळ पडला. आईने आरशात बघून म्हटलं, "इतका सरळ हिचाही पडत नाही." मिस्त्रिणीला हसू आलं आणि आल्या-आल्या ते तिने दाबलं. बसमध्ये बसेपर्यंत तिला रागावलेलंच राहायचं होतं.

आबांनी केसांचे तीन पेड केले. मग खिडकीतली तेलाची बाटली घेतली, बूच काढलं, तळहात पसरला आणि बाटली वाकडी करता करता थांबले. काही केल्या त्यांचा हात पुढे जाईना. ते बाटलीकडे बघत होते. मग लेकीकडे न बघता त्यांनी विचारलं, "तेल... किती?"

तिने त्यांचं मनगट धरून बाटली वाकडी केली. नाण्याएवढं तेल त्यांच्या तळहातावर आलं, तेव्हा सरळ केली.

"एवढंच. एक दिवसाआड."

"एवढंच. एक दिवसाआड," आबांनी माप पाठ करावं तसं म्हटलं. "आणि चुकून जास्त झालं तर? निघतं का ते?"

"निघतं आबा," ती म्हणाली. "केसांचं धुतलं की निघतं."

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. आईने डावा हात मागे करून तिचा पदर चाचपडत धरला. आबांनी बाटलीला घट्ट बूच लावून ती खिडकीत जागच्या जागी ठेवली, दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले आणि पहिला पेड हातात घेतला.